अकरावी सायन्सचे विषय कसे निवडायचे: नाशिकच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

जून महिन्यात प्रवेशाच्या टेबलावर बसले की एक अर्ज रोज समोर येतो. नाव, आईचं नाव, दहावीचा बैठक क्रमांक, पत्ता, सगळं सुवाच्य अक्षरात भरलेलं असतं. फक्त विषयांच्या चौकटी कोऱ्या असतात. मुलगा वडिलांकडे बघतो, वडील माझ्याकडे. "मॅडम, बाकीची पोरं काय घेतायत?" मागे रांगेत वीस जण ताटकळलेले असतात. मग दोन मिनिटांत काहीतरी लिहिलं जातं आणि पुढची दोन वर्षं ते निभवावं लागतं.

मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. या चौकटी टेबलावर उभ्या उभ्या भरायची वेळ तुमच्यावर येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि प्रवेश जूनच्या आसपास होतात. मधल्या सुट्टीतले पंधरा दिवस दिलेत तरी निर्णय पक्का होतो. क्रमाने सांगते.

चौकटींत काय भरायचं असतं

राज्य मंडळाच्या सायन्स शाखेत 100-100 गुणांचे सहा विषय असतात, एकूण 600. इंग्रजी सक्तीचं. त्यानंतर दुसरी भाषा, म्हणजे मराठी, हिंदी, संस्कृत वगैरे, किंवा तिच्या जागी आयटी. उरलेल्या चार जागांवर बहुतेक मुलं फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायो घेतात. चारही घेतले की त्याला पीसीएमबी किंवा जनरल सायन्स म्हणतात. बायोऐवजी भूगोलासारखा दुसरा विषय घेतला की पीसीएम, मॅथ्सऐवजी घेतला की पीसीबी. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोला 70 गुणांची लेखी परीक्षा आणि 30 गुणांचं प्रॅक्टिकल, मॅथ्सला 80 आणि 20. पर्यावरण शिक्षण आणि शारीरिक शिक्षण सगळ्यांनाच असतं. त्यांना श्रेणी मिळते, पण म्हणून त्यांचे प्रकल्प बुडवू नका.

तिसरा रस्ता द्विलक्षी विषयांचा, ज्याला सगळे बायफोकल म्हणतात. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, क्रॉप सायन्स हे त्यातले. हा एकच विषय 200 गुणांचा असतो आणि दोन जागा घेतो: एक दुसऱ्या भाषेची, एक मॅथ्स किंवा बायोची. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

केंद्रीय बोर्डाच्या शाळेत अकरावी करणार असाल तर रचना वेगळी, पण मुख्य चार विषयांचा प्रश्न हाच. दहावीला ‘बेसिक’ मॅथ्स घेतलं असेल, तर अकरावीला मॅथ्स मिळणार का, हे प्रवेशाआधीच शाळेला विचारून घ्या.

आधी पुढची दारं बघा

कोणता विषय सोडला की पुढचं कोणतं दार बंद होतं, हे एका कागदावर लिहून काढा. आई-वडिलांना शेजारी बसवून लिहा, कारण घरातले निम्मे वाद इथल्या गैरसमजांतून होतात.

बायो सोडलं की ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा गेली. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस हे सगळं नीटवर चालतं. नीटमध्ये 180 प्रश्नांपैकी 90 बायोचे असतात, 45 फिजिक्सचे आणि 45 केमिस्ट्रीचे. म्हणजे डॉक्टर व्हायचं म्हणून बायो घेतलं तरी निम्मा पेपर फिजिक्स-केमिस्ट्रीचाच. दरवर्षी फिजिक्सला कंटाळून ‘मेडिकल’कडे वळलेली मुलं भेटतात, त्यांना मी हा आकडा आधी सांगते. बी.एस्सी. नर्सिंगलाही बायो लागतं.

मॅथ्स सोडलं की इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चरची दारं लागतात. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला मॅथ्स मागतात. एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) हवाई दल आणि नौदल शाखेला फिजिक्स-मॅथ्स हवंच. भूदलासाठी कोणतीही शाखा चालते, पण लेखी परीक्षेतल्या 900 गुणांपैकी 300 गुण मॅथ्सचेच असतात. देवळाली आणि भोसला परिसरात वाढलेल्या, गणवेशाचं स्वप्न बघणाऱ्या मुला-मुलींनी हे नीट लक्षात घ्यावं. आता एनडीएत मुलींनाही प्रवेश आहे, त्यामुळे ‘मुलीला मॅथ्स कशाला’ हे बोलणंच नको.

दोन ठिकाणी मात्र लोक उगाच घाबरतात. बी.फार्मसीला फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत मॅथ्स किंवा बायो, दोन्हींपैकी काहीही चालतं. बी.एस्सी. ॲग्रीलाही पीसीएम आणि पीसीबी दोन्ही गट चालतात. पिंपळगाव-ओझर पट्ट्यातले बागायतदार पालक ‘शेतीकडे जायचंय म्हणजे बायोच’ असं धरून चालतात आणि मॅथ्स आवडणाऱ्या पोराला उगाच त्यातून काढतात. तशी गरज नाही.

आणखी एक गोंधळ खास आपल्या गावचा. म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, राज्यातली वैद्यकीय महाविद्यालयं त्याला संलग्न आहेत. ‘विद्यापीठ आपल्याकडेच आहे, काहीतरी होईल’ असं म्हणणारे पालक मला भेटलेत. प्रवेश नीटच्या गुणांवरच होतो. पत्ता नाशिकचा असल्याने त्यात काही फरक पडत नाही.

सीईटीचं गणितही या कागदावर मांडा. इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरेंसाठी राज्याची जी प्रवेश परीक्षा असते, त्या एमएचटी-सीईटीचे पीसीएम आणि पीसीबी असे दोन वेगळे गट असतात, प्रत्येकी 200 गुणांचे. पीसीएममध्ये मॅथ्सचे 50 प्रश्न दोन-दोन गुणांचे, म्हणजे निम्मे गुण एकट्या मॅथ्सचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. नीटमध्ये मात्र बरोबरला चार मिळतात आणि चुकलं की एक जातो. सीईटीत साधारण 20 टक्के भाग अकरावीचा असतो, म्हणून ‘अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष’ हे कोणी सांगितलं तर ऐकू नका.

पंधरा दिवस पुस्तकं वापरून बघा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि सगळ्यात जास्त मुलं टाळतात तीही हीच. दहावीच्या गुणांवरून अकरावीच्या विषयाचा अंदाज बांधता येत नाही. दहावीला विज्ञान एकच विषय असतो, दोन भागांचा, आणि त्यात 90 पडले तरी ते फिजिक्समुळे पडले की पेशींच्या आकृत्यांमुळे, हे गुणपत्रिका सांगत नाही.

बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. मोबाइलवर वाचायचा कंटाळा आला तर रविवार कारंजा किंवा मेन रोडच्या बाजूला जुनी पुस्तकं शोधा, नाहीतर बारावीला गेलेल्या ताई-दादांकडून मागून आणा. चार विषयांना चार पातळ वह्या करा. रोज दोन विषय, प्रत्येकी एक तास. क्लास नको, व्हिडिओ अगदी अडलं तरच. वहीच्या समासात सुरू केल्याची आणि उठल्याची वेळ लिहा.

फिजिक्सचा दुसरा धडा घ्या, मॅथेमॅटिकल मेथड्स. त्यात सदिश (व्हेक्टर) येतात आणि पाठोपाठ कॅल्क्युलसची ओळख. मॅथ्स सोडलेल्या मुलांना इथे पहिली ठेच लागते, कारण मॅथ्स सोडलं तरी हा धडा सुटत नाही. आणि मॅथ्स घेतलेल्यांनाही इथे अडखळायला होतं, कारण मॅथ्सच्या पुस्तकात डिफरन्सिएशन, म्हणजे कॅल्क्युलसमधला हाच भाग, भाग दोनच्या अगदी शेवटच्या धड्यात आहे. फिजिक्सला ते जुलैत लागतं आणि मॅथ्सला येईपर्यंत वर्ष सरत आलेलं असतं. म्हणून हा धडा पहिल्या वाचनात समजला नाही तर स्वतःला ‘ढ’ समजू नका. दोन दिवसांनी परत त्याच पानाशी बसावंसं वाटतं का, ते बघा.

केमिस्ट्रीचा पहिलाच धडा मोल या कल्पनेवर आहे. घरात औषधाच्या बाटलीसोबत येतो तो पाच मिलीचा चमचा घ्या. वाटीत साडेतीन चमचे पाणी घातलं की ते जवळपास 18 ग्रॅम होतं, म्हणजे एक मोल. त्या इवल्याशा पाण्यात 6.022 × 10²³ रेणू आहेत. आता स्वतःलाच विचारा: मग एका चमच्यात किती? एका थेंबात किती? हा हिशोब वहीत करताना मजा आली, आणखी दोन प्रश्न आपणहून सुचले, तर केमिस्ट्रीशी तुमचं जमेल. केमिस्ट्री तशीही कोणाला सुटत नाही, पण तिच्याशी आपलं कसं जमतंय हे आधी कळलेलं बरं.

मॅथ्ससाठी त्रिकोणमितीचा धडा आणि पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनचा धडा, दोन्ही थोडे थोडे करा. पहिल्यात सूत्रं हाताशी ठेवून पुढे जायचं असतं, दुसऱ्यात विचार करत बसावं लागतं. दोन्ही स्वभावांची गणितं पुढे दोन वर्षं येत राहतात.

बायोला पुस्तकासोबत डोळेही लागतात. मे महिन्यात खरड छाटणीनंतर फुटलेली द्राक्षाची काडी कुठल्याही बागेत बघायला मिळेल. नातेवाइकांची बाग नसेल तर दिंडोरी रोडने पुढे जा, रस्त्याला लागून बागा आहेत. काडीवर ताणा कुठून निघालाय ते बघा. पानाच्या बगलेतून निघत नाही, पानाच्या बरोबर समोरच्या बाजूने निघतो. ऑक्टोबर छाटणीनंतर घडही त्याच जागी दिसतो. आता घरी येऊन वाटाण्याच्या वेलाचं चित्र शोधा, तिथे ताणा पानाच्याच टोकाशी आहे. दिसायला दोन्ही सारखे, आधाराला धरायचं काम सारखं, पण द्राक्षात खोडाचं रूपांतर झालंय आणि वाटाण्यात पानाचं. या दोन्हींच्या आकृत्या काढा, नावं द्या, दुसऱ्या दिवशी न बघता परत काढा. बायोत पाठांतर खूप आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण निरखून बघायची आवड असेल तर ते पाठांतर जड जात नाही.

पंधरा दिवसांनी चारही वह्या शेजारी ठेवा. किती उत्तरं बरोबर आली ते मोजू नका. उत्तर चुकल्यावर तुम्ही काय केलंत ते बघा. गेल्या काही वर्षांतल्या एका मुलाच्या वह्या माझ्या चांगल्या लक्षात आहेत. घरच्यांनी बायो ठरवलं होतं. बायोच्या वहीत चार पानं, सुंदर अक्षरात, एकही खाडाखोड नाही. मॅथ्सच्या वहीची सव्वीस पानं भरलेली, निम्मी खोडलेली, एका गणिताला पाच वेळा हात घातलेला आणि समासात रात्री साडेअकराची वेळ. त्याच्या आईने ती वही उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाल्या, "राहू द्या मॅडम, कळलं मला."

चारही विषय घ्यावेत का

‘सध्या चारही घेऊन ठेवू, नंतर बघू’ हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. त्यात तथ्य आहे, पण सगळ्यांसाठी नाही.

ज्यांच्या चारपैकी तीन वह्या सारख्याच भरल्या, म्हणजे मॅथ्सही आवडलं आणि बायोही, त्यांनी पीसीएमबी जरूर घ्यावं. संशोधनाकडे ओढा असणाऱ्यांनी तर घ्यावंच. पुण्याच्या आयसरसारख्या संस्थांच्या प्रवेश परीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायो, प्रत्येकी 15 असे 60 प्रश्न असतात. बायोटेक्नॉलॉजी, बायोइन्फर्मेटिक्स, सांख्यिकी या वाटांवर दोन्ही विषय उपयोगी पडतात. शिवाय सीईटीचे दोन्ही गट देता येतात.

पण निव्वळ भीतीपोटी चौथा विषय धरून ठेवायचा असेल तर थांबा. तीन प्रॅक्टिकल, तीन जर्नलं आणि वर मॅथ्सचा सराव, असा आठवडा होतो. त्यात नीटचा क्लास लावलेला असेल तर मॅथ्सला वेळच उरत नाही, आणि बारावीला 80 गुणांचा पेपर समोर येतो तेव्हा पास होण्याची धडपड सुरू होते. नीटचं नक्की ठरलंय आणि मॅथ्सची वही तुम्हाला ओढून उघडावी लागत होती, तर मॅथ्स सोडा आणि मोकळे व्हा. इंजिनिअरिंग नक्की असेल तर बायोचंही तेच.

नंतर मन बदललं तर? बारावी पीसीएमने झाल्यावर राहिलेला बायो हा एकच विषय घेऊन मंडळाची परीक्षा वेगळी देता येते आणि 2023 पासून असे विद्यार्थी नीटसाठी पात्र धरले जातात. त्यात वर्ष जातं, मेहनत दुप्पट पडते, पण दार कायमचं लागत नाही. हे माहीत असलं की पालकांचा जीव थोडा खाली येतो.

द्विलक्षी, आयटी की मराठी

बायफोकलला जागा मोजक्या असतात आणि कॉलेजात त्या विषयाची स्वतंत्र मान्यता असावी लागते. प्रत्येक विषय प्रत्येक कॉलेजात मिळत नाही. कॉम्प्युटर सायन्सकडे सगळ्यांचा ओढा असतो, कारण 200 पैकी निम्मे गुण प्रॅक्टिकलचे आणि मन लावून केलं तर गुण चांगले पडतात. पण पीसीएमसोबत तो घेतला की बायो आणि दुसरी भाषा दोन्ही गेले, हे घरी स्पष्ट सांगा. ‘कॉम्प्युटरही घेऊ आणि नीटही देऊ’ हे पीसीएमवर बसत नाही.

इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रिकल मेंटेनन्स हे माझ्या मते कमी लेखलेले विषय आहेत. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत आणि ओझरला एचएएलमध्ये ज्यांच्या घरचं कोणी काम करतं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. इंजिनिअरिंगला जाऊन पहिल्यांदा मल्टिमीटर हातात घेणारा आणि अकरावीपासून सर्किट जोडणारा, यांच्यात दिसण्याइतका फरक असतो. क्रॉप सायन्स शेतकरी घरातल्या मुलांनी मोकळ्या मनाने बघावं. घरी जे रोज करता त्यामागची कारणं तिथे कळतात.

बायफोकल नको असेल तर दुसरी भाषा की आयटी, एवढंच उरतं. आयटीची लेखी परीक्षा 80 गुणांची, संगणकावरच, आणि 20 गुणांचं प्रॅक्टिकल. बरीच मुलं ‘गुण सुटतात’ म्हणून आयटी घेतात. मराठी चांगली असेल आणि पुढे स्पर्धा परीक्षा द्यायचा विचार असेल, तर मराठी ठेवा. मुख्य विषयांइतकं डोकं यात घालू नका.

मराठी माध्यमातून येणाऱ्यांसाठी

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, कळवण भागातून मराठी माध्यमात दहावी करून आलेली मुलं पहिल्या चाचणीत खचतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते. सायन्स इंग्रजीतून असतं. मुलाला विषय येत असतो, शब्द येत नसतो. वर्गात ‘ॲक्सिलरेशन’ ऐकून गप्प बसलेल्या मुलीला मी ‘त्वरण’ म्हटलं की तिचा चेहरा लगेच खुलतो. तिला ते नववीपासून येतंय!

म्हणून इंग्रजीच्या भीतीने विषय सोडू नका. सुट्टीत एक दोनशे पानी वही करा. पानाच्या मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे तुमचा शब्द, उजवीकडे इंग्रजी: विस्थापन – डिस्प्लेसमेंट, संवेग – मोमेंटम, अपवर्तन – रिफ्रॅक्शन, मूलद्रव्य – एलिमेंट, संयुग – कंपाउंड, संयुजा – व्हॅलेन्सी, ऊती – टिश्यू. शब्द शोधायची सोपी युक्ती म्हणजे दहावीचं विज्ञानाचं पुस्तक मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांचं उतरवून घ्यायचं. धडे तेच, आकृत्या त्याच, त्यामुळे पानाला पान लावून शब्द सापडतो. रोज दहा शब्द केलेत तरी कॉलेज सुरू होईपर्यंत पाचशेच्या पुढे जाल. इंग्रजी शब्द स्वतः मोठ्याने उच्चारा आणि स्पेलिंगसह लिहा, कारण लेखी पेपरात स्पेलिंग लागणार आहे.

नीट आणि इंजिनिअरिंगची देशपातळीवरची जेईई मेन मराठीतूनही देता येतात. पण अकरावी-बारावीची पुस्तकं इंग्रजीत वाचलेली असतात, त्यामुळे शेवटी कोणती भाषा सोपी जाते हे सराव पेपर सोडवून ठरवा.

कॉलेज बघायला जाल तेव्हा

विषय ठरले की कॉलेज. एचपीटी-आरवायके, केटीएचएम, नाशिकरोडचं बिटको अशी जुनी नावं सगळ्यांना माहीत असतात. नाव बघाच, पण एकदा प्रत्यक्ष जाऊन या. तुमचा बायफोकल विषय तिथे आहे का, अनुदानित तुकडीत जागा आहे का आणि विनाअनुदानितची फी किती, हे कार्यालयात विचारा. मग शिपायाला किंवा लॅब असिस्टंटला विनंती करून प्रयोगशाळा बघा. बेसिन कोरडं ठणठणीत आणि बाटल्यांवर धूळ असेल, तर तिथे प्रॅक्टिकल कितपत होतात ते कळतं.

हे सांगायला कारण आहे. माझ्या भाच्याने एका ‘इंटिग्रेटेड’ ठिकाणी प्रवेश घेतला होता. म्हणजे कॉलेजात नाव आणि दिवसभर क्लास. बोर्डाचं प्रॅक्टिकल तीन आठवड्यांवर आलं तेव्हा तो माझ्याकडे आला. जर्नल पूर्ण होतं, सगळी रीडिंग लिहिलेली. मी म्हटलं, ब्युरेट (द्रव थेंब थेंब सोडून मोजायची खुणांची नळी) वाचून दाखव. त्याने ब्युरेट कधी हातात धरलेलीच नव्हती, रीडिंग फळ्यावरून उतरवून घेतली होती. मग कॉलेजची ब्युरेट स्टँडला लावून आम्ही दोन रविवार बसलो. डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, वक्राच्या खालच्या टोकाशी वाचायचं, एका हाताने ब्युरेटची तोटी सोडत दुसऱ्या हाताने फ्लास्क फिरवत राहायचं. फिनॉल्फ्थॅलिनचा फिका गुलाबी रंग पहिल्यांदा टिकला तेव्हा तो म्हणाला, "मावशी, हे आधीच का नाही दाखवलं कोणी?" हुशार मुलगा होता तो. त्याच्या दोन वर्षांतलं हे सगळं कोणीतरी काढून घेतलं याचा मला अजून राग येतो.

क्लास लावू नका असं मी म्हणत नाही. कॅनडा कॉर्नर ते कॉलेज रोड भागात जाऊन चौकशी करा, दोन-तीन ठिकाणी बसून बघा. पण कॉलेजची हजेरी आणि प्रयोगशाळा सोडायची अट कोणी घालत असेल तर तिथून उठा.

जाण्या-येण्याचा वेळही मोजा. निफाड किंवा सिन्नरहून रोज एसटीने येणार असाल, तर ठक्कर बाजार किंवा नाशिकरोडपासून पुढे सिटीलिंकची बस किती वाजता मिळते ते एक दिवस प्रत्यक्ष करून बघा. दुपारची प्रॅक्टिकल संपायला साडेचार-पाच होतात. दिवसाचे तीन-चार तास रस्त्यात जाणार असतील, तर गावाजवळचं बरं कॉलेज घेतलेलं चांगलं, किंवा मग वसतिगृहाचा अर्ज वेळेत करा.

ऑनलाइन फॉर्म

नाशिक महापालिका हद्दीत अकरावीचे प्रवेश आधीपासून ऑनलाइन होते, 2025-26 पासून ही पद्धत सगळ्या राज्याला लागू झाली. भाग एकमध्ये वैयक्तिक माहिती, भाग दोनमध्ये कॉलेजांचा पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा. फॉर्ममध्ये तुम्ही शाखा आणि कॉलेज निवडता. पीसीएम की पीसीबी हे कॉलेजात प्रवेश घेताना ठरतं, म्हणून विषय घरातूनच ठरवून, कागदावर लिहून न्यायचे.

पसंतीक्रमात सगळ्यात वरचं नाव विचार करून टाका. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर राहावं लागतं. मैत्रिणीने टाकलं म्हणून टाकलेलं नाव पहिल्या फेरीत लागलं आणि रडारड झाली, असं दरवर्षी होतं. तुमच्या शाळेच्याच संस्थेचं ज्युनिअर कॉलेज असेल तर इनहाऊस कोटा तपासा. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर लागणार असेल तर मे महिन्यातच अर्ज टाकून ठेवा, निकालानंतर सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते.

पहिला महिना

प्रवेश झाला म्हणजे सगळं शिक्कामोर्तब झालं असं नाही. अकरावीच्या सुरुवातीला विषय बदलणं सोपं असतं, बारावीच्या तोंडावर फार अवघड. म्हणून पहिल्या चार आठवड्यांत प्रत्येक विषयाच्या सगळ्या तासांना बसा, निदान दोन-दोन प्रॅक्टिकल करा. व्हर्निअर कॅलिपरवर 0.01 सेंटिमीटरपर्यंतचं माप स्वतः घ्या, कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड स्वतः लावा. सुट्टीतल्या वह्यांशी ताडून बघा. एखादा विषय शिक्षकांमुळे जड वाटतोय की मुळातच नकोसा झालाय, हे दुसऱ्या तुकडीतल्या मित्राशी बोलून लक्षात येतं. शिक्षक आवडले नाहीत म्हणून विषय सोडू नका, पुढच्या वर्षी शिक्षक बदलू शकतात.

बदलायचंच ठरलं तर आधी त्या विषयाच्या शिक्षकांना भेटा, दारात उभं राहून नाही, स्टाफरूममध्ये पाच मिनिटं मागून घ्या. मग प्राचार्यांच्या नावाने अर्ज लिहा: सध्याचे विषय, हवा असलेला बदल, कारण एका ओळीत, तुमची आणि पालकांची सही. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर ‘मिळाला’ असा शिक्का, तारखेसह, घेऊन घरी ठेवा. आठवड्याने हजेरीपत्रकात तुमचं नाव नव्या विषयात आलंय का ते स्वतः बघून या. बारावीचा बोर्डाचा फॉर्म भरताना तिथे जे विषय असतील तेच उतरतात.